माणूस संपला की दहा वर्षांत स्वर्ग? जरा थांबा

टाचणी

‘हिरवीकंच’ यांचं टिपण कालपासून जिकडेतिकडे फिरतंय. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी त्याचा अर्क: उद्या सकाळी जगातली सगळी माणसं नाहीशी झाली, तर दहा वर्षांत पृथ्वीचा स्वर्ग होईल. नद्या आपोआप निवळतील, जंगलं परततील, निसर्ग आपला समतोल आपण साधेल आणि सुटकेचा निःश्वास टाकेल. खाली बदामांचा पाऊस.

निःश्वास टाकायचा तर आधी नाकातोंडात पाणी गेलेलं नसावं लागतं.

माणूस गेला म्हणजे त्याने चालू ठेवलेलं सगळं नीट बंद झालं, असं या टिपणात गुपचूप धरून चाललंय. पहिले काही तासच बघा. औष्णिक केंद्रात कोळसा बंकरमधून गिरणीत आणि गिरणीतून बॉयलरमध्ये जातो. बंकर भरणारा पट्टा थांबला की काही तासांनी ज्योत डळमळते आणि वीजनिर्मितीचा संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. एक मोठा संच गेला की विजेची वारंवारता घसरते, रिले म्हणजे विजेच्या जाळ्यातले पहारेकरी स्विच एकेक भाग तोडत सुटतात, आणि नवा संच चढवायला कुणी नसतं. फार तर दिवसा-दोन दिवसांत जाळं झोपतं. छतावरच्या सौर पॅनलचं कौतुक सांगू नका. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळं गेलं की स्वतःहून बंद पडतो, मुद्दाम तसाच बनवलेला असतो.

मग राहतात चारशेहून अधिक अणुभट्ट्या. जाळं गेलं की भट्टी आपोआप बंद होते, मान्य. नियंत्रक दांडे पडतात, अणू फुटणं म्हणजे विखंडन थांबतं. इंधनातल्या किरणोत्सारी ऱ्हासाची उष्णता मात्र थांबत नाही: बंद झाल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या साधारण साडेसहा टक्के, तासाभराने दीड, दिवसाने अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. १००० मेगावॅट वीज देणाऱ्या संचाची औष्णिक शक्ती ३००० मेगावॅटच्या घरात असते, म्हणजे एका भांड्यात १५ मेगावॅट, रात्रंदिवस. डिझेल जनित्रं आपोआप सुरू होतील. टाक्यांत साधारण आठवड्याचं डिझेल असतं. आठव्या दिवशी काय, ते हिरवीकंच यांनीच सांगावं.

हिरवीकंच

सांगते की. आठव्या दिवसापासून ठिकठिकाणी फुकुशिमा. बरं, पुढे?

१९८६ला चेर्नोबिल झालं. इतिहासातला सर्वात वाईट अणुअपघात. माणसं हलवली, जनावरं राहिली. २०१५ साली बेलारूसच्या बाजूची पाहणी प्रसिद्ध झाली: एल्क, रो हरणं, रानडुकरं त्या भागातल्या किरणोत्सर्ग नसलेल्या राखीव जंगलांइतकीच, आणि लांडगे सातपटीहून जास्त. युक्रेनच्या बाजूला १९९८च्या सुमारास प्रझेवाल्स्की जातीचे तीसेक रानघोडे सोडले, आज ते शंभराच्या वर आहेत. आपला रोजचा शेजार किरणोत्सारी सीझियमपेक्षा वाईट आहे हा निकाल लांडग्यांनी दिलाय. माझ्यावर कशाला चिडता?

टाचणी

चेर्नोबिल हे ‘माणसांशिवाय’चं उदाहरण? वा! सफाईला सुमारे सहा लाख माणसं लावली होती. २०६ दिवसांत काँक्रीट-पोलादाची पेटी उभी केली. पाइनचं जे जंगल लाल पडून मेलं ते बुलडोझरने आडवं करून पुरलं. २०१६ला वरून पोलादी कमान सरकवली. एप्रिल २०२०ला तिथे वणवे लागले तेव्हा बंब होते आणि बंबावर माणसं होती. माणसांनी निस्तरलेलं एक चेर्नोबिल दाखवून न निस्तरलेल्या शेकडो ठिकाणांचं भाकीत करणं ही चलाखी आहे.

उष्मा

दोघेही भट्टीच्या भांड्याभोवती फिरताय. भांड्याला निदान कवच असतं. जास्त काळजी वापरलेल्या इंधनाच्या तलावाची, आणि तिथे घाईघाईने काही होत नाही, म्हणून आकडे मांडतो.

तलावात १४०० टन पाणी आणि इंधनाची उष्णता २ मेगावॅट धरा. हे आकडे हवेतले नाहीत: २०११मध्ये फुकुशिमाच्या चौथ्या संचाचा तलाव साधारण असाच होता, कारण भट्टीतलं सगळं इंधन नुकतंच तिथे हलवलं होतं, इंधनकांड्यांचे एकूण १५३५ जुडगे. पाणी ३० अंशांवरून उकळीला यायला सुमारे ५७ तास. त्यानंतर दिवसाला ७५ टनांच्या आसपास वाफ. इंधनाच्या डोक्यावर साताठ मीटर पाणी असतं, ते जायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे पंप थांबल्यापासून ढोबळ दोन आठवडे. जुनं इंधनच जास्त असेल तर दोन आठवड्यांचे दोन महिनेही होतात.

आता गोम. इंधन वर्षानुवर्षं थंड झालेलं असेल आणि तलाव पूर्ण कोरडा पडला, तर रॅकच्या तळातून हवा शिरते, वरून निघते आणि इंधन बहुधा निभावतं. अर्धवट पाणी उरलं तर तळाची वाट बुजते, हवा खेळत नाही. मग इंधनावरचं झिर्कोनियम धातूचं आवरण तापत जातं आणि एकदा वाफेशी किंवा हवेशी पेटलं की स्वतःच्याच उष्णतेवर पुढे जातं. म्हणजे ‘थोडं पाणी तरी आहे’ ही दिलाशाची गोष्ट नाही.

त्यामुळे टाचणी, ‘शेकडो चेर्नोबिल’ हेही अतीच. चेर्नोबिलमध्ये ग्रॅफाइट पेटलं होतं आणि कवच नव्हतं. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस, दोन-तीन महिन्यांत विषय संपतो. सीझियम-१३७चं ३० वर्षं, तीनशे वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. वाऱ्याच्या दिशेतले पट्टे मार खातील. अख्खी पृथ्वी नाही.

रानमोडी

अणुभट्टी म्हटलं की सगळ्यांच्या अंगात येतं. मला त्या टिपणातला ‘समतोल’ खुपला. हा शब्द वापरणाऱ्याला दंड करायला हवा. समतोल कुठल्या सालचा? कोणत्या प्रजातींचा? तराजू कुणी धरलाय?

शेत सोडून दिलं की काय होतं याचा कागदावर नोंदलेला प्रयोग आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं गव्हाचं शेत आहे. १८८२ साली त्याचा अर्ध्या एकराच्या आसपासचा कोपरा कुंपण घालून तसाच सोडला. कापणी नाही, नांगर नाही. चार वर्षांत गव्हाची मोजकी खुरटी रोपं उरली. कारण साधं आहे: रानगवताची ओंबी पिकली की दाणा सुटून पडतो, गव्हाची ओंबी आपण हजारो वर्षं न सुटणारी निवडली. मक्याचं त्याहून वाईट, कणीस सालींत बांधलेलं, पडलं तर सगळे दाणे एकाच जागी उगवून एकमेकांचा गळा धरतात. ब्रॉडबाल्कच्या त्या कोपऱ्याचा जो भाग पुढेही तसाच ठेवला, तिथे आज पूर्ण वाढलेलं जंगल आहे. इतपत हिरवीकंच बरोबर.

पण ते जंगल उगवलं कारण शेजारी कुंपणांत, बांधांवर झाडांचं बी शिल्लक होतं. बेटांवर उलटं. न्यूझीलंडचा काकापो, न उडणारा पोपट, आज अडीचशेच्या आसपास, आणि मुख्यतः शिकारी प्राणी काढून टाकलेल्या बेटांवर. स्टोट हा मुंगसासारखा लहान शिकारी प्राणी किलोमीटरभर पोहून जातो. तो बेटावर पोचला की सापळा लावणारं कुणी नाही. आपण उंदीर, मांजरं, डुकरं, बकऱ्या जगभर वाटल्या आहेत. आपण गेलो तरी त्या बोटीत बसून परत जाणार नाहीत.

शेवटचा बाक

आनंदाची बातमी: डोक्यातली ऊ आपल्याबरोबर नामशेष होईल, तिला दुसरा यजमानच नाही. आणि झुरळं पृथ्वीचं राज्य करतील म्हणणाऱ्यांनो, स्वयंपाकघरातलं ते छोटं जर्मन झुरळ आपल्याच उबेवर जगतं. थंड प्रदेशात पहिल्या हिवाळ्यात त्याचाही कार्यक्रम.

बाकी ‘नद्या आपोआप निवळतील’ या वाक्याला कुणी हात लावला नाही. इथे एक आयडी आहेत ज्यांना हे सहन होणार नाही. वाट बघतोय.

सांडवा

आलो. ‘आपोआप’ या शब्दावरच बोलतो.

१५ मीटरहून उंच तेवढीच मोजली तरी जगात ५८ हजारांच्या वर धरणं आहेत. बहुतेक मातीची. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर पुष्कळदा ते सोसतं. मातीच्या धरणावरून गेलं तर धरण संपलं.

सगळं एका प्रश्नावर अडतं: माणसं गेली त्या दिवशी सांडव्याचे, म्हणजे धरणातलं जादा पाणी सोडायच्या वाटेचे, दरवाजे कुठे होते? वर्षातला बहुतेक काळ ते बंद असतात, पाणी साठवणं हेच काम. वक्र दरवाजा पोलादी दोरावर लटकतो. वर ड्रम, गिअरबॉक्स, मोटर, ब्रेक. ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो, वीज मिळाली तरच सुटतो. वीज गेली की दरवाजा जिथल्या तिथे. बंद तर बंद.

आता पूर येऊ द्या. विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात जातो. १२ मीटरचा दरवाजा पूर्ण उघडा आणि पाणी १२ मीटर चढलेलं: १२चा दीड घात, म्हणजे साडेएक्केचाळीस. तोच दरवाजा बंद आणि त्याच्या डोक्यावरून १ मीटर पाणी: एक. गुणांकात थोडा फरक पडेल, पण चाळीस भागांच्या वाटेतून एकच भाग जातोय. उरलेलं पाणी चढत राहतं. मातीच्या भागाचा माथा कुठेतरी चार बोटं बसलेला असतोच, पहिली धार तिथून. खालच्या उतारावरचं गवत उपटतं, पायथ्याशी खळगा पडतो, खळग्याची भिंत ढासळत मागे सरकते आणि माथा गिळते. काही तासांत भगदाड. ऑगस्ट १९७५ला चीनमध्ये बानछ्याओचं हेच झालं. ते मातीचं धरण वादळी पावसात ओसंडलं, आणि त्या पुरात लहानमोठी साठेक धरणं गेली. वरचं फुटलं की त्याची लाट खालच्याच्या पोटात.

याला नद्या निवळणं म्हणत नाहीत.

हिरवीकंच

पण फुटू देत की! नदी मोकळी झाली. एका पुराची किंमत, पुढे हजारो वर्षं वाहती नदी. धरणं फुटली हा माझ्या बाजूचा मुद्दा आहे, तुमच्या नाही.

सांडवा

पायथ्याशी काय बसलंय ते बघून टाळ्या वाजवा. खाणींच्या गाळाचे बांध त्याच नद्यांच्या खोऱ्यांत आहेत. ते बहुतेकदा एकदम बांधतच नाहीत, गाळावर गाळ चढवत थराथराने उंचावतात. आत ओला, बारीक, धातूंनी भरलेला चिखल. त्याचं सारं आयुष्य आतली पाण्याची पातळी खाली ठेवण्यावर. निचरा तुंबला, वरचं पाणी काढणारा पंप थांबला की अख्खा बांध पातळ होऊन चालू लागतो. जानेवारी २०१९, ब्राझीलमधलं ब्रुमाजिन्यो: २७० माणसं गेली, आणि तो बांध तर वापरातून काढलेला होता. ‘हिरवं’ लिहायला सोपं आहे हो.

रानमोडी

सांडवा, आवाज कमी करा, आणि थोडं गाळूनही बोला. मातीच्या लहान-मध्यम धरणांपैकी बहुतेकांच्या सांडव्याला दरवाजाच नसतो. एका पातळीच्या वर पाणी गेलं की आपलं आपण वाहून जातं. ती धरणं पहिल्याच पुरात कशाला फुटतील? तळं गाळाने भरेल, दलदल होईल, मग कुरण. पक्ष्यांची चंगळ.

सांडवा

बिनदरवाजाचा मुद्दा बरोबर आहे. लिहायला हवा होता. झालं समाधान?

पण ती अमर नाहीत. सांडव्याच्या तोंडाशी ओंडके आणि झुडपं अडकली की वाट अर्धी होते, ती मोकळी करणारा चौकीदार नाही. आणि तुमची लाडकी झाडं. मातीच्या धरणावर झाड उगवलं की पहिल्या वर्षी उपटतात ते उगाच नाही. झाड जिवंत असताना वादळात उन्मळलं तर मुळांबरोबर गाडीभर माती उचलतं. मेलं तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. उंदीर-घुशी बिळं करतात. वरून पाणी शिरतं, खालून गढूळ निघतं. स्वच्छ पाझराला कुणी घाबरत नाही. गढूळ पाझर म्हणजे धरण आतून वाहून चाललंय.

पोकळी किती वेगाने वाढते? ५ जून १९७६, अमेरिकेत आयडाहोतलं टीटन धरण. सकाळी साडेसातच्या सुमारास गढूळ पाझर दिसला. ११ वाजून ५७ मिनिटांनी धरण फुटलं. मधल्या वेळात भोकात माती ढकलायला गेलेले दोन बुलडोझर आत गेले. माणसं, यंत्रं, फोन, सगळं हजर असताना साडेचार तास.

शेवटचा बाक

प्रश्न: मानवजात नष्ट झाली तर पृथ्वीचं काय होईल?
उत्तर: धरणाच्या पाझराचा रंग तपासा.

उष्मा

हसा. पण सांडवा यांच्या नादात हवेचं राहिलं. धुरातले सल्फेट कण आठवड्याभरात पावसाने धुतले जातात, आणि त्यांनी ऊन परतवून दाबून ठेवलेली उष्णता वर येते. म्हणजे माणूस गेल्यावर सुरुवातीची वर्षं थंड नाहीत, उलट किंचित गरम. मिथेन हवेत सरासरी १२ वर्षं टिकतो, तो उतरू लागला की जरा दिलासा. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधी दशलक्षात २८० भाग होता, आता ४२०च्या वर. आपण सोडलेल्यातला लक्षणीय हिस्सा, अंदाज १५ ते ४० टक्क्यांचा, हजार वर्षांनंतरही हवेत असेल. समुद्र पहिली मोठी उचल करतो, शेवटचं काम खडकांच्या झिजेचं, आणि खडक सवडीने झिजतात. दहा वर्षांत स्वर्ग म्हणणाऱ्यांनी खडकांशी बोलून घ्यावं.

टाचणी

माझा धागा होता. आता तो पाटबंधारे खात्याचा आहे. असो.

हिरवीकंच, दहा हजार वर्षांवर तुमचं म्हणणं मला बहुतेक मान्य. सळई घातलेलं काँक्रीट तोवर उभं नसेल. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या वर असतो, त्यात सळई सुरक्षित. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत मुरत तो ९च्या खाली आणतो, मग गंज, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो, आवरण फोडूनच बाहेर येतो. रोमच्या पँथिऑनचा ४३ मीटरचा घुमट एकोणीसशे वर्षं टिकला, कारण त्यात सळईच नाही. तेव्हा शेवटी जंगलच जिंकणार. पण तुम्ही ‘दहा’ लिहिलं होतं. तीन शून्यं सांडली.

हिरवीकंच

शून्यं घेते उचलून. आता तुम्हीही एक उचला. ‘उद्या सकाळी सगळे गायब’ हे मी लिहिलं ते चित्र डोळ्यांपुढे यावं म्हणून, आणि तुम्ही सगळे त्याच्यावरच दुकान मांडून बसलात. खरोखर मानवजात संपली तर अशी चुटकीसरशी संपेल का? जन्म कमी, मृत्यू जास्त, दशकानुदशकं. शेवटच्या पिढीला ठाऊक असेल की आपण शेवटचे. भट्ट्या आधीच बंद केलेल्या असतील. मग तुमचे आठवडे, तास, पाझर सगळे गळून पडतात.

उष्मा

अर्धे गळतात. भट्टी बंद करणं पुरत नाही. इंधन तलावात साधारण पाच वर्षं थंड करावं लागतं, तेव्हा ते कोरड्या पिंपांत भरता येतं. पोलादी डबा, त्यात हेलियम, बाहेर काँक्रीटचं कवच, खाली-वर झरोके, हवा आपोआप खेळते. पंप नाही, वीज नाही. तसं भरून ठेवलं तर माझी पुष्कळशी काळजी मिटते. पण शेवटची भट्टी आणि शेवटचा क्रेनचालक यांच्यात निदान पाच-सात वर्षांचं अंतर हवं, आणि त्या पाच-सात वर्षांत तलावाच्या पंपाला वीज कुठून, हेही आधीच ठरवलेलं हवं.

हिरवीकंच

ठरवतील. आणि सांडवा यांच्यासाठी शेवटच्या माणसांनी सगळ्या धरणांचे दरवाजे उघडून ठेवावेत. झालं?

सांडवा

नाही झालं. उघडलेला दरवाजा कशावर उभा आहे? दोरावर. त्या दोराला ठरावीक काळाने ग्रीस लागतं. ते बंद झालं की ओलाव्याने आतल्या तारा गंजतात, एकेक तुटते, आणि एक दिवस दरवाजा स्वतःच्या वजनाने खाली येऊन बसतो. पुन्हा बंद, आणि या वेळी उचलायला कुणीच नाही. वर अडकवून ठेवायला खुंट्या-तुळया असतात, पण त्याही दुरुस्तीपुरत्या, शतकांसाठी नाहीत. फिरणाऱ्या सांध्याच्या पिनेचंही तेच. १९९५ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा दरवाजा उघडताना त्या पिनेचं घर्षण इतकं वाढलं होतं की दरवाजाचे आधार वाकले आणि तो गेला. वंगण अपुरं, गंज पुरेसा.

शेवटचा बाक

मग काय, दरवाजे काढूनच टाकायचे?

सांडवा

हो, तेच सांगतोय. आधी तळाच्या मोऱ्यांतून पाणी सांडव्याच्या माथ्याखाली आणायचं, भरल्या तळ्यावर कापायला जायचं नाही. दरवाजा थोडा उचलून तुळयांवर टेकवायचा, दोर सैल करायचे. मग समोरचा पत्रा गॅस कटरने आडव्या पट्ट्यांत, वरून खाली. दरवाजाला मागून तोलणारे पोलादी हात सर्वात शेवटी, कारण तुकडा सुटला की ते कुठे फिरतील सांगता येत नाही. तळाच्या मोऱ्याही उघड्याच सोडायच्या, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही, गाळाने बुजणाऱ्या पहिल्या त्याच.

आणि हिरवीकंच, तुमच्या शेवटच्या पिढीला एवढं कळवा: एका नदीवर चार धरणं असतील तर सुरुवात सर्वात खालच्यापासून करायची. वरून केली तर सोडलेलं पाणी खालच्या बंद दरवाजांवर येऊन उभं राहील.